थडवे : सातथडीच्या पठारावरचं एक जनावर (सल्ले हवेत)

कातळखूण

नमस्कार मंडळी,

एक काल्पनिक मुलूख बरेच दिवस डोक्यात घोळतोय. राज्यं, घराणी, भाऊबंदकी, देवदेवस्की, सगळं वहीत उतरलंय. अडलंय ते एका जनावरापाशी. इथे पशुवैद्य आहेत, रानोमाळ हिंडणारे आहेत, बखरी चाळणारे आहेत, म्हणून वही तुमच्यापुढे उघडी करतो.

मुलखाचं नाव सातथडी. पश्चिमेला उंच डोंगर आहेत. बहुतेक पाऊस तिथेच पडून जातो आणि पठारावर जेमतेम अडीच महिने सरी येतात. सात नद्या पूर्वेला वाहतात. थंडी सरेपर्यंत पाणी असतं, त्यानंतर पात्रात नुसती वाळू. झाडं तुरळक, गवत मात्र छातीएवढं. आपल्याकडची कुसळी डोळ्यांसमोर आणा: पावसात लुसलुशीत, पुढे वाळून चिवट आणि बोचरं. लोक मेंढ्या राखतात, ओझ्याला गाढवं आहेत, बाजरीसारखं एक धान्य पिकतं. घोडा या जगात नाही, कधी नव्हता.

घोड्याच्या जागी आहेत थडवे. नर थडवा, मादी थडवी, पिल्लू थडकू. खांद्यापाशी चार फूट उंची, वजन अडीचशे किलोच्या आसपास. रंग वाळक्या गवताचा, पोट पांढरं, मानेपासून शेपटीपर्यंत एक काळी पट्टी. आयाळ उभी आणि आखूड, शेपटीला फक्त टोकाशी झुपका. पुढचे खूर मागच्यांपेक्षा बरेच रुंद. नाकपुड्यांवर कातडीची एक घडी आहे, धुळीची वावटळ आली की ती मिटते. थडकू जन्मतं तेव्हा अंगभर काळे पट्टे असतात, वर्षभरात ते विरून जातात. थडवे खिंकाळत नाहीत; धोका दिसला की पुढच्या पायाने जमीन ठोकतात आणि ती ठोक कळपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुढे सरकत जाते.

एक अट आहे. या जनावरात जादू नको. बोलणारे, उडणारे, राजकन्येचं मन ओळखणारे घोडे पुष्कळ झाले. मला असं जनावर हवंय की वाचणाऱ्याला वाटावं, हे कुठेतरी चरत असेल.

आता अडचणी. हे रवंथ करतील का? कळप कोण चालवतं? एक खूर ठेवू की दोन? माणसं यांच्यावर बसतात की नाही? आणि मुख्य म्हणजे सात नद्या आटल्यावर हे पितात काय? सुचेल ते लिहा, झोडपलंत तरी चालेल.

ठोंब्या

रुमाल टाकून ठेवतो. मोठ्या लोकांना येऊ दे.

निमूट

काढायचंच तर वेगळं काहीतरी काढा की. हे घोडाच आहे, नाव बदललेला. सरळ घोडा ठेवा आणि पुढे लिहायला घ्या.

कातळखूण

@निमूट, घोडा ठेवला की त्याच्या मागोमाग सगळा लवाजमा येतो. घोडदळ, रथ, डाकेच्या चौक्या, एका दिवसात पन्नास मैल दौड मारणारे दूत. माझ्या गोष्टीत अंतरं लांब राहायला हवीत. एका थडीवरची बातमी दुसऱ्या थडीवर पोचायला पंधरवडा लागला पाहिजे. म्हणून घोडा नको, आणि घोड्याची उणीव भासेल असं काहीतरी हवं.

डॉ_खरारा

धागा आवडला. व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी पोटाचं ठरवा. बाकीचं त्याच्यामागून येतं.

गवतावर जगणाऱ्या मोठ्या जनावरांचे मुख्य रस्ते दोन. गाय, मेंढी, हरीण हे चारा आधी पुढच्या मोठ्या कोठ्यात आंबवतात, पुन्हा तोंडात आणून रवंथ करतात, मग पचवतात. घोडा, गाढव, झेब्रा, गेंडा, हत्ती यांचं पोट साधं. आंबवण्याचं काम मागे, आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात चालतं. गाय एका घासातून जास्त सत्त्व काढते. पण चारा फारच निबर असला की तो बारीक होईपर्यंत कोठ्यातून पुढे सरकत नाही, म्हणजे पोट तुडुंब आणि जनावर खंगलेलं. घोडा एका घासातून कमी काढतो, पण माल भराभर पुढे ढकलतो. निकृष्ट पण मुबलक चाऱ्यावर तो तग धरतो. तुमचं वाळकं गवत छातीएवढं आहे म्हणता, तर थडवा रवंथ करणारा नको. त्याचं पोट घोड्याचंच असू दे.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो. त्याला दाणा म्हणजे चंदी घातली तर तास कमी होतात, पण चंदी पिकवायला शेतकरी लागतो आणि दुष्काळात माणूस आधी स्वतःच्या पोटाचं बघतो. तुमच्या मुलखात थडव्यांना उभ्याउभ्या पहारा देता येणार नाही, त्यांना सोडून चरू द्यावंच लागेल. मोहीम, यात्रा, वरात जे काही असेल त्याच्या वेळा त्यांच्या चरण्याने ठरतील.

दुसरं दातांचं. गवतात सिलिका असते, वर माळाची धूळ. घोड्याची दाढ लांबलचक, बहुतेक हिरडीच्या आत दडलेली. झिजेल तशी ती वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकते आणि एक दिवस सरकायला काही उरत नाही. मग जनावर चारा तोंडात घेतं, घोळवतं आणि त्याचा ओला बोळा खाली टाकून देतं. म्हाताऱ्या घोडीच्या गव्हाणीखाली असे बोळे दिसले की तोंड उघडून बघायचीही गरज नसते. तुमचे म्हातारे थडवे पठार सोडून पाण्याकाठच्या मऊ गवताकडे सरकतील आणि बरेचसे तिथेच मरतील. सातथडीत हाडं नदीच्या काठावर सापडू द्या.

ओठांचंही लिहून ठेवा. गाय जिभेचा वेढा घालून गवत ओढते. घोड्याचा वरचा ओठ हातासारखा चालतो. चंदीत मिसळलेली औषधाची गोळी तो नेमकी बाजूला काढून ठेवतो, हे मी रोज भोगतो. थडवा कुसळं बाजूला सारून खालचं पान वेचताना दाखवा.

फुलवात

डॉक्टर, मस्त! मग मेंढ्यांचं काय? त्या थडव्यांच्या वाट्याचं खाणार नाहीत का?

डॉ_खरारा

@फुलवात, उलट त्यांना फायदाच होईल. पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत आधी झेब्रे उंच, निबर गवत खात पुढे जातात. त्यांच्या मागून विल्डबीस्ट येतात, शेवटी लहान गॅझेल खालचे कोवळे फुटवे खातात. सातथडीतले मेंढपाळ थडव्यांच्या कळपामागून आठ-पंधरा दिवसांनी मेंढ्या हाकतील. म्हणजे थडवे पाळायचेसुद्धा नाहीत, नुसते राखायचे.

माळढोक

आता माझा प्रांत आला. वाचताना मला सारखं कच्छचं छोटं रण दिसत होतं. तिथला खूर, म्हणजे रानगाढव, तुमच्या थडव्याचा सख्खा चुलतभाऊ शोभेल. तोच रंग, तीच पाठीवरची पट्टी, वजनही जवळपास तेवढंच. १९६९च्या मोजणीत ३६२ उरले होते. १९७३मध्ये अभयारण्य झालं आणि २०२४च्या गणनेत आकडा ७,६७२वर गेला. रणात पावसाळ्यात पाणी भरतं, तेव्हा हे सगळे उंचवट्यांवर चढतात. त्या उंचवट्यांना तिथे बेट म्हणतात, गवत असतं ते तिथेच.

कळप कोण चालवतं या प्रश्नाला माझं उत्तर: पाणी. घोड्याच्या आणि साध्या झेब्र्याच्या जातीत एक नर, काही माद्या, त्यांची पिल्लं असं कुटुंब वर्षानुवर्षं टिकतं. तरुण नर वेगळी टोळी करून फिरतात. पण ग्रेव्हीचा झेब्रा आणि रानगाढवं यांच्यात, म्हणजे रुक्ष मुलखात राहणाऱ्यांत, असं घट्ट कुटुंब सहसा नसतं. दूध पाजणाऱ्या मादीला रोज पाणी लागतं, म्हणून ती पाण्यापासून लांब जात नाही. भाकड मादी दोन-तीन दिवस लांब चरून येऊ शकते. दोघींच्या गरजा वेगळ्या, म्हणून त्या एकत्र राहत नाहीत. मग नर माद्यांमागे न हिंडता पाण्याजवळचा पट्टा धरून बसतो. पाणी ज्याचं, संसार त्याचा.

तुमच्याकडे दोन्ही दाखवता येईल. पावसात कळप मोठा, सगळे मिसळलेले. नद्या आटल्या की तो फुटतो: लेकुरवाळ्या पात्राजवळ, भाकड माद्या दूर पठारावर, आणि प्रत्येक नर आपापल्या वाळूच्या तुकड्यावर.

आणि आटल्यावर पितात काय? खणतात! गोबीतली रानगाढवं कोरड्या पात्रात पायाने खड्डा काढून पाणी वर आणतात. अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटात मोकाट सुटलेली गाढवं आणि घोडेही हेच करतात. त्यावर २०२१मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यांनी काढलेले खड्डे काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत खोल गेले होते, आणि त्यांचं पाणी प्यायला पन्नासहून अधिक जातींचे प्राणी-पक्षी येताना कॅमेऱ्यात टिपले गेले. गाढवांनी सोडून दिलेल्या काही ओल्या खड्ड्यांत नदीकाठच्या झाडांची रोपं उगवली होती.

तुमचे रुंद पुढचे खूर कशाला आहेत ते आता कळलं.

कातळखूण

माळढोक, साष्टांग दंडवत. खूर रुंद ठेवले होते ते नुसते दिसायला. झिरा! थडवे झिरे काढतात! आता सातथडीच्या बायका पाण्याला कुठे जातात, गावं कुठे वसतात, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं एका रांगेत लागतं.

माणदेशी_पोरगं

दादा, झिऱ्याचं लिवताना एक ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात आमच्याकडं नदीत झिरा काढायचा तर पयलं पाणी गढूळ येतं. ते उपसून टाकायचं. मग कड ढासळंती, ती दाबायची. थोडा दम धरला की मग निवळ पाणी वर चढतं, ते वाटीनं भरायचं. कळशी बुडवली की तळ ढवळला. तुमचा थडवा पयलं गढूळच पितो का थांबतो ते ठरवा. माझ्या मतानं म्हातारी थडवी थांबंल आणि तरणी घुसंल.

आन बसायचं म्हणाल तर, धनगराच्या वाड्यात घोडं असतंय ते बसायला नसतंय. सगळं बिऱ्हाड त्याच्यावर. खाली घोंगड्या-वाकळा, वर भांडी, पोत्यात मीठ-पीठ, दोन्ही अंगाला कोकरं, एक तोंड हिकडं एक तोंड तिकडं. कोंबड्या पाय बांधून वर. आन त्याच्यावर एखादं लेकरू, जे चालायला शिकलंय पर मैलभर चालंना. माणूस म्होरं चालत. घोडं म्हंजी चालतं घर. लढाईबिढाई राहू द्या, आधी बिऱ्हाड लादा.

ठोंब्या

+१ माणदेशी. कोकरांची तोंडं दोन दिशांना, हे चित्रच काढायला हवं कोणीतरी.

अटकेपार

सगळं छान चाललंय, पण लढाई नाही तर कादंबरी कशाला लिहायची? घोडदळ पाहिजे म्हणजे पाहिजे. थडव्यांवर भालाईत बसवा, पठारावर धूळ उडू द्या!

बखरकार

अटकेपारराव, आधी हिशोब. बसणारा आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, असा एक ढोबळ नियम आजचे पागेवाले सांगतात. अडीचशे किलोच्या थडव्याला पन्नास किलो. तुमचा भालाईत ढाल-तलवार, खोगीर, शिदोरीसकट नव्वदच्या खाली येत नाही. हा नियम काही दगडावरची रेघ नाही. मंगोल घोडी बुटकी, तरी मोठी माणसं पाठीवर घेऊन दिवसेंदिवस चालली. आपली भीमथडीची तट्टं उंचीने फार नव्हती. अरबी घोड्याशेजारी उभी केली तर कोणी ढुंकून बघितलं नसतं, पण थोड्या चाऱ्यावर, डोंगरवाटांनी दौड करण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली ते बरंच झालं. तरीही तट्टू म्हणजे माणसाने शेकडो पिढ्या निवडून पैदा केलेलं जनावर. रानातल्या थडव्याची पाठ तशी तयार झालेली नाही.

दक्षिणेकडचा अनुभवही ध्यानात घ्या. इथल्या राज्यांना लढाऊ घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत, इराणी आखात आणि अरबस्तानातून. विजयनगरला घोडे हवे असत आणि गोव्याच्या बंदरावर पोर्तुगीज बसले होते. त्या व्यापारात किती राजकारण झालं ते इतिहासात आहे. घोडा जिथे नीट पैदा होत नाही तिथे घोडदळ म्हणजे खजिन्याला लागलेली गळती.

पण तुम्हाला हात हलवत परत पाठवत नाही. घोडा यायच्या आधी मेसोपोटेमियात आणि सीरियात कुंगा नावाचं जनावर होतं. गाड्यांना जुंपायचे, राजाच्या मिरवणुकीत आणि लढाईतही. किंमत गाढवाच्या सहापट वगैरे. ते नक्की काय होतं याचा घोळ बरीच वर्षं होता. सीरियात उम्म अल-मर्रा इथल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दफनांमधल्या हाडांचा डीएनए तपासला, तो अभ्यास २०२२मध्ये आला: पाळीव गाढवी आणि रानटी सीरियन रानगाढव नर यांचा संकर. संकर वांझ, म्हणजे दर पिढीला रानातला नर धरून आणायचा. तो नर पकडणं हे सरदाराचं काम, पोसणं खजिन्याचं. आजचा घोडा पसरला तो त्यानंतर, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून, इसवी सनापूर्वी २०००च्या आसपास. तो आला आणि कुंगा बाजारातून उठला.

सातथडीत गाढवं आहेतच. थडवा नर अधिक गाढवी. बघा जमतंय का.

अटकेपार

जमतंय म्हणजे काय! बखरकार, तुम्हाला एक जहागीर लागू. राजाने संकर पैदा करायचा मक्ता स्वतःकडे ठेवला आणि कुठल्या तरी थडीवर चोरून पैदास चालू आहे. झाली की गोष्ट सुरू.

कातळखूण

ही गोष्ट माझी आहे हो, अटकेपारराव. पण घेतो. संकराला 'जोडा' म्हणू का? नको, वहाणेशी घोटाळा होईल. नाव नंतर बघू.

निमूट

मगाशी 'सरळ घोडा ठेवा' म्हणालो होतो. आता विचारतो, खूर एक की दोन ते राहिलंच. दोन खूर ठेवले असते तर निदान घोडा वाटला नसता.

डॉ_खरारा

@निमूट, एक खूर ही काही घोड्यांची मक्तेदारी नाही. दक्षिण अमेरिकेत फार पूर्वी लिटोप्टर्न म्हणून एक गट होता, घोड्यांशी दूरचंही म्हणावं असं नातं नाही. त्यातल्या थोएथेरियमला पायाला एकच बोट, आणि बाजूच्या बोटांचे अवशेष आजच्या घोड्यापेक्षाही बारीक. मोकळ्या रानात पळून जीव वाचवायचा असेल तर पाय लांब होतो, बोटं कमी होतात, पायाचं टोक हलकं होतं. म्हणजे घोडा नसलेल्या जगात घोड्यासारखं जनावर निघणं अगदी पटण्यासारखं आहे. एक खूर ठेवा.

मात्र फार रुंद खुराला माझा विरोध. पायाच्या टोकाला वाढवलेलं वजन प्रत्येक ढांगेला उचलावं लागतं. शिवाय खणायला रुंद खूर लागतोच असं नाही, गाढव साध्या खुराने दोन मीटर जातंच आहे.

कातळखूण

डॉक्टर, रुंद खूर सोडणार नाही. वाळूत पाय रुतू नये हे एक कारण आहे, आणि वेग कमी झाला तर होऊ दे. थडवा घोड्याइतका पळत नाही, पण चालत राहतो. घोड्याचा खूर महिन्याला पाऊण-एक सेंटिमीटर वाढतो असं कुठेसं वाचलंय. मग उन्हाळाभर खणून झिजेल आणि पावसात वाढेल. पावसाच्या शेवटी खूर वाढलेले, कडा फुटलेल्या, थडवे ठेचकाळत चालतायत, असं दाखवलं तर?

डॉ_खरारा

वाढीचा आकडा बरोबर. पटलं, माझा विरोध मागे. पण मग पावसाच्या शेवटी लांडग्यांची चंगळ होईल, तेही दाखवा.

फुलवात

लांडग्यांचा विषय निघालाच आहे तर थडकवाबद्दल. घोडीचे दिवस अकरा महिने, गाढवीचे बारा. थडवीचे पूर्ण बारा धरले तर एक गंमत होते. घोडी व्याल्यावर आठ-दहा दिवसांत पुन्हा माजावर येते. म्हणजे वीण आणि नरांच्या मारामाऱ्या दोन्ही एकाच पंधरवड्यात, दरवर्षी त्याच सुमाराला. गवत कोवळं असतानाच दूध जास्त, म्हणजे पहिल्या पावसाच्या आगेमागे. एकीकडे तासाभरात उभं राहायची धडपड करणारी पिल्लं, दुसरीकडे दातओठ खात भिडलेले नर. परका नर लहान पिल्लाला मारतो असंही घोड्यांत आणि झेब्र्यांत दिसलंय. त्यामुळे कोणता नर हरतो, हे पिल्लाच्या आईला महत्त्वाचं. आणि हे सगळं जिथे चालू आहे, तिथेच गावातली माणसं पेरणीला निघालीयत!

पिल्लाच्या पट्ट्यांचंही कारण सापडलं बहुतेक. ब्रिटनमध्ये घोड्यांना झेब्र्याच्या पट्ट्यांची झूल घालून बघितलं होतं, २०१९चा अभ्यास. घोडेमाश्या भोवती घिरट्या तेवढ्याच घालत होत्या, पण पट्ट्यांवर उतरत फार कमी होत्या. पहिल्या पावसात माश्यांचा सुकाळ, थडकवाची कातडी पातळ. कोरडे महिने येईपर्यंत पट्टे हवेत, पुढे विरले तरी चालेल.

माळढोक

वा! याला जोड देतो. घोडेमाश्यांतून सर्रा नावाचा रोग पसरतो, रक्तात परजीवी शिरतो, जनावर वाळत जातं. १९६०च्या आसपास कच्छच्या रानगाढवांची संख्या घसरली त्यात सर्रा आणि घोड्यांचा आफ्रिकी आजार या दोन्हींचा हात होता. तुमच्या मुलखात एखादं वर्ष पाऊस लांबला, माश्या वाढल्या आणि ज्या थडकवांचे पट्टे फिके निघाले ती गेली, असं एक माशीचं साल असू द्या. लोक त्या सालावरून वयं सांगतील.

माणदेशी_पोरगं

आमच्याकडं अजून बहात्तरच्या दुष्काळावरनं वय सांगतात. बरोबर हाय.

मोरपीस

उशिरा आले, सगळं वाचून काढलं. एक शंका. थडव्यांनी काढलेला झिरा गावकऱ्यांनी ताब्यात घेतला तर थडवे कुठे जाणार? बायका पहाटे आल्या, पाणी भरलं, वर काटेरी फांद्या टाकल्या. जनावर येऊन उभं.

कातळखूण

मोरपीस, सगळी भांडणं इथूनच निघणार. मी असं योजलंय: झिरा झाकायचा नाही हा रिवाज. माणसाने दिवस वर आल्यावर भरावं, रात्र आणि पहाट जनावराची. पण रिवाज चांगल्या सालापुरता असतो.

माणदेशी_पोरगं

दादा, रिवाज राखायला कुणीतरी लागतंय. आन झाकला तर तोटा माणसाचाच. थडवं आलं न्हाई तर वाळू कोण उपसणार? चार दिवसांत झिरा भरून जातोय. पयल्या वर्षी काटं टाकणाऱ्याला पाणी मिळंल, दुसऱ्या वर्षी थडवं ती थडीच सोडंल.

माळढोक

आणि सोडलेल्या झिऱ्यात झाडं उगवतील. त्यामुळे पात्रातली हिरवी झाडं बघून परका वाटसरू पाणी शोधत येईल, आणि जाणत्याला कळेल की इथून थडवे उठून गेलेत. नकाशावर झाडं काढताना हे विसरू नका.

बखरकार

रिवाज मोडला की पंचायत बसेल, महजर म्हणजे निवाड्याचा कागद होईल. वतनदार म्हणणार, पात्र माझ्या शिवेत. मेंढके म्हणणार, थडवे आमच्या राखणीतले. लिहा बिनधास्त, पाण्याच्या तंट्यांना आपल्याकडच्या जुन्या कागदांतही तोटा नाही.

अटकेपार

मी अजून इथेच आहे. संकराच्या गाड्यांचा हिशोब द्या कोणीतरी. शंभर गाडे. मेसोपोटेमियातल्या उर शहरात सापडलेल्या त्या प्रसिद्ध जडावाच्या पेटीवर एका गाड्याला चार जनावरं दिसतात, ते कुंगाच असावेत म्हणतात. म्हणजे चारशे.

डॉ_खरारा

संकर तीनशे किलोचा धरा. रोजचा वाळला चारा वजनाच्या दोन टक्के, सहा किलो. चारशेंना चोवीसशे किलो, दररोज. पाणी प्रत्येकी वीस लिटर तरी, म्हणजे आठ हजार लिटर. उन्हाळ्यात झिऱ्यावर हे भागणार नाही, आणि पाऊस चालू असताना काळ्या मातीत तुमचे गाडे आसापर्यंत रुततील.

बखरकार

म्हणजे आपल्यासारखंच. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, नद्या उतरलेल्या, चारा तयार, पिकं हाताशी आलेली. तुमच्या सातथडीत तर नद्याच लवकर आटतात. लढाई करायची तर पाऊस संपल्यापासून थंडी सरेपर्यंत, जेमतेम दोन महिने.

कातळखूण

आणि त्याच दिवसांत थडव्यांचे खूर वाढलेले, फुटलेले. नर धरून आणायचा तर तेव्हाच सोपा. सरदार तेव्हा शिकारीवर असणार की मोहिमेवर?

अटकेपार

दोन्हीवर. धाकट्या भावाला मोहिमेवर पाठवा, थोरला नर धरायला जाऊ दे. दोन महिने मला पुरेत.